पिवळ्या विमानाचा पत्ता

लडलो, श्रॉपशायर
४ मार्च १९७८

प्रिय ॲम्ब्रोज,

तू कळवणार नव्हतासच. तुझ्या शेजारणीने फोन केला म्हणून कळलं. शिडीवरून पडलास, घोटा मुरगळला, कपाळाला चार टाके पडले, आणि अर्धा तास स्वयंपाकघराच्या जमिनीवर छताकडे बघत पडून होतास. का, तर टांगलेल्या कागदी विमानावरची धूळ फुंकायला चढला होतास! एकाहत्तर वर्षांचा माझा धाकटा भाऊ शिडीवर चढून विमानांना फुंकर घालतो, हे मी पत्ते खेळायला येणाऱ्या बायकांना कोणत्या तोंडाने सांगू?

आता नीट ऐक. माझ्या शेजारचं बैठं घर रिकामं होतंय. जिना नाही, पायऱ्या नाहीत, मागे हिरवळीचा तुकडा आहे, आणि भिंतीवर टकटक केलीस तर मला ऐकू येईल. मालकीणबाई जूनपर्यंत थांबायला तयार आहेत, तेही केवळ माझ्या शब्दावर.

मेव्हिसला जाऊन सोळा वर्षं झाली. त्या गारठलेल्या घरात एकटा बसून तू काय राखतोयस?

तुझी बहीण,
विनिफ्रेड


स्किथरबी, लिंकनशायर
११ मार्च

प्रिय विनी,

फुंकर नाही, ब्रश. खारीच्या केसांचा. फुंकरीतली ओल कागदाला लागते आणि कागद सैल पडतो. तीस वर्षांत हे तुला शंभरदा सांगितलंय.

घोटा बरा आहे. घराबद्दल मनापासून आभार, पण जरा व्यवहार बघ. इथे एकशे त्रेसष्ट विमानं आहेत. बैठकीत डोकं वर करून चालता येत नाही आणि जिन्यावर वाकून जावं लागतं. सर्वांत मोठ्याचे पंख माझ्या उंचीहून लांब, आणि वजन एका पावाएवढं. बाल्सा या पिसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्या, वर कांद्याच्या सालीसारखा कागद. ओल लागली की मरगळतात, ऊन लागलं की ताण बसून वाकडी होतात. सामानाच्या गाडीत घातली तर तुझ्या दारात मी भुसा घेऊन उतरेन.

शिवाय पत्त्यांचं काय? आमच्यात प्रत्येक विमानाच्या पंखाखाली मालकाचं नाव-पत्ता लिहून चिकटवायची रीत आहे. या विमानांना ना दोरी, ना कसली बटणं. हातातून एकदा सुटली की त्यांची मर्जी. कधी दोन गावं ओलांडून कोणाच्या बटाट्याच्या शेतात उतरतात, आणि ज्याला सापडतं तो पत्ता वाचून दोन ओळी टाकतो. माझं एक नऊ वर्षांनी परत आलं होतं, चर्चच्या पन्हळीत अडकलेलं. मी घर बदललं की एकशे त्रेसष्ट पत्ते खोटे ठरतात. ते कोण बदलत बसणार?

तेव्हा राहू दे.

ॲम्ब्रोज


लडलो
१६ मार्च

प्रिय ॲम्ब्रोज,

मी बसणार. टाऊन हॉलात अडतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्यात, माझं अक्षर अजून ओळीत चालतं. एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या म्हणजे माझं तीन संध्याकाळचं काम. झालं? आता पुढची सबब काढ. सबबी काढण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, लहानपणी पोहण्याच्या तासाला तुझे कान दर मंगळवारी दुखायचे.

माझं म्हणशील तर चांगली वीस ठेव आणि उरलेली गावातल्या शाळेला देऊन टाक. आयुष्यभर पोरांना सुतारकाम शिकवलंस, पोरं खूश होतील. खेळण्यांपायी मान मोडून घेण्यात काय शहाणपण आहे?

विनिफ्रेड


स्किथरबी
२० मार्च

विनी,

खेळणी या घरात आहेत, ती इथेच राहतील. मीही इथेच. तुझ्या शेजारचं घर दुसऱ्या कोणाला दे. ईस्टरच्या शुभेच्छा.

ॲम्ब्रोज


लडलो
२ एप्रिल

प्रिय ॲम्ब्रोज,

न सांगता आले याबद्दल माफी मागणार नाही. ईस्टरच्या दिवशी दार उघडून माझ्या बॅगेकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मी विसरणारही नाही. पण गाडीत बसल्यापासून एक गोष्ट लिहायची ठरवली आहे, ती आधी लिहिते, कारण पुढे माझा स्वभाव आडवा येईल.

मी 'खेळणी' म्हणाले ते चुकलं.

तीस वर्षं तुझ्याकडे येते-जाते, पण मेव्हिस होती तोवर तिच्याशी गप्पा मारायला स्वयंपाकघरात, आणि नंतरही तिथेच. मैदानावर या सोमवारी पहिल्यांदा आले. युद्धातल्या त्या ओसाड धावपट्टीवर वारा नाक कापत होता, आणि मी मनात म्हणत होते, कधी एकदा हे संपतंय. तू गिरमिटाला आकडा लावून पुढचा पंखा फिरवणाऱ्या रबराला पीळ द्यायला घेतलास. मी मागून विमान धरलं होतं, चारशे वेढ्यांनंतर ते माझ्या बोटांत थरथरायला लागलं. मग तू ते हातात घेतलंस आणि नुसतं सोडलंस, फेकलंसुद्धा नाहीस. ते आपलं आपण चढत गेलं. आवाज नाही, धूर नाही. तुझ्या स्वयंपाकघरातल्या काड्या आणि कागद वर जाऊन उन्हात गोल गोल फिरत होते आणि कागदातून फासळ्या दिसत होत्या. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. एवढं देखणं काही माझ्या हातून आयुष्यात घडलेलं नाही, ॲम्ब्रोज. तुझ्याकडे अशी एकशे त्रेसष्ट आहेत.

आता माझा स्वभाव. तीन गोष्टी पाहिल्या, त्या विचारणार.

विमान सोडण्याआधी तू थबकतोस, मान डावीकडे कलते, आणि कोणी काही विचारलेलं नसताना मोठ्याने म्हणतोस, 'पेटली.' दर वेळी. मला आधी वाटलं, डोक्यावर आपटलास त्याचा परिणाम.

घरभर एकही आकडा रिकामा नाही, फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा आहे. आणि त्या आकड्यावर धूळ नाही.

तिसरं, सकाळी टपालवाल्याची सायकल वाजली की तू अंडं अर्धं टाकून उठतोस. तुला पत्र लिहिणारी मी एकटी, आणि मी तर समोर बसले होते.

कोणाच्या पत्राची वाट बघतोस?

विनी


स्किथरबी
९ एप्रिल

प्रिय विनी,

चार कागद फाडले. हा पाचवा.

मेव्हिसने एक विमान बांधलं होतं, आयुष्यातलं एकच. माझं बघून बघून तिला वाटलं, त्यात एवढं काय अवघड आहे! एकसष्टचा सगळा वसंत तिच्या काड्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरलेल्या असायच्या आणि आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवायचो. कागद पिवळाधमक, तो तिने लिंकनला जाऊन स्वतः निवडून आणला. पंखाखालची चिठ्ठीही तिनेच लिहिली. मला वाचू दिली नाही. 'माझं विमान, माझी चिठ्ठी' म्हणाली आणि उड्डाणाच्या दिवशी सकाळी चिकटवून टाकली.

आता वातीचं सांगतो. शेपटीजवळ एक सुती वात बांधलेली असते, सोडण्याआधी ती पेटवायची. ती धुमसत जाऊन पाचेक मिनिटांत शेपटी दाबून धरणारं एक बारीक रबर जाळते, शेपूट वर उचलली जाते, आणि विमान असेल तिथून सावकाश खाली उतरतं. वात नसेल आणि तापलेली हवा वर उसळत असेल, तर विमान तिच्यासोबत चढत जातं आणि कायमचं दिसेनासं होतं. मी विसरभोळा. म्हणून मेव्हिसने नेम केला होता. सोडण्याआधी ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहून विचारायची, 'वात?' आणि मी म्हणायचो, 'पेटली.' बारा वर्षं, दर रविवारी.

सोळा जुलैला विमान तिच्या हातात होतं आणि काडेपेटी माझ्या. ती लहान मुलीसारखी हरखली होती. तरीही तिने विचारलं, 'वात?' मी सवयीने म्हणालो, 'पेटली.'

काडी मी ओढलीच नव्हती.

तिने सोडलं. दहाव्या मिनिटाला पिवळा ठिपका राहिला, मग तोही गेला. ती टाळ्या वाजवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'खाली का येत नाही रे?' आणि मी म्हणालो, 'वाऱ्याने वात विझली असेल.'

त्यानंतर रोज सकाळी ती विचारायची, 'टपाल आलं?' अंथरुणाला खिळली तेव्हाही विचारायची. आज खरं सांगू असं मी रोज ठरवत होतो. फेब्रुवारीत ती गेली.

खिडकीवरचा आकडा त्याच विमानासाठी. त्याच्यावर तिच्या हातचा पत्ता आहे आणि तो या घराचा आहे. मी इथून गेलो आणि ते आलं, तर दार कोण उघडणार?

हसायचं तर हस. पण कोणाला सांगू नकोस.

ॲम्ब्रोज


लडलो
१३ एप्रिल

प्रिय ॲम्ब्रोज,

हसले नाही.

तू बायकोशी खोटं बोललास हे खरं आहे, आणि मी मोठी बहीण असले तरी ते पुसून टाकू शकत नाही. पण सतरा वर्षं एका शब्दासाठी दारात उभा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आई असती तर तुझे कान धरले असते, आणि मग पोटाशी घेतलं असतं.

दाराचं म्हणशील तर तुझ्यानंतर जे राहायला येतील त्यांच्यापाशी पत्ता लिहिलेली पाकिटं ठेव. त्यांना सगळं खरं सांग. माणसं खऱ्या गोष्टीला जागतात. आणि हिवाळ्यात पुन्हा पडलास आणि जमिनीवरून उठलाच नाहीस, तर ते दार तसंही कोण उघडणार आहे? याचं उत्तर असेल तर कळव.

चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत. साठ झाल्या.

आणखी एक केलंय, ते तुला आवडणार नाही. कळेल तेव्हा ओरड.

विनी


स्किथरबी
२८ मे

विनी,

ओरडतोय!

पोस्टाच्या खिडकीत तुझ्या अक्षरातलं कार्ड! 'हरवले, जुलै १९६१, पिवळे विमान, मेव्हिस स्टॅनिलँड हिने बांधलेले. तिचा नवरा अजून वाट पाहतो.' आणि खाली माझा पत्ता! कोणाला सांगू नकोस म्हटलं, तर तू तिकिटं विकणाऱ्या खिडकीत टांगलंस. मला सहा आठवडे कळलं नाही, कारण मी पोस्टात जातो तो चष्म्याशिवाय. अख्ख्या गावाने वाचलं आणि एकजण बोलेल तर शपथ.

बोलले नाहीत, पण यायला लागले. तुझ्या 'दार कोण उघडणार'ला उत्तर सापडलं नाही म्हणून मी घर रिकामं करायला घेतलं होतं, मला वाटलं त्यासाठी येतायत. विजेच्या दुकानदाराने फ्रिजची सोळा खोकी आणून दिली. शेजारीणबाईंनी फीत कापून दिली. विमान खोक्यात ठेवायचं नसतं, पोटाखालून आणि शेपटीखालून दोन फिती घेऊन अधांतरी टांगायचं असतं, म्हणजे ते कुठेच टेकत नाही. हे मी त्यांना एकदा दाखवलं. विनी, पाद्रीबाबांनी शुक्रवारी दुपारभर जिन्यात बसून बावीस विमानं टांगली, एकाची काडी मोडली नाही. चाळीस वर्षं मला वाटत होतं, गाव मला येडा समजतं. समजतं ते समजतंच, पण कौतुकाने समजतं असं दिसतंय.

सामान वाहणारे डॉब्स बापलेक काल पाहणी करून गेले. बाप म्हणाला, "मास्तर, आजवर पियानो वाहिले, लग्नाचे केक वाहिले, एकदा शवपेटीसुद्धा वाहिली. पण इतकं हलकं सामान बघून पहिल्यांदाच छाती धडधडतेय." गाडीत काय काय मावेल याचा हिशेब केला, तर पलंग आणि कपाट राहिलंच. त्यांना जागाच नाही. पलंग तुझ्याकडे जादा आहे ना? माझे कपडे बहुधा मोठ्या विमानाच्या खोक्यात तळाशी आहेत.

घर पास्क नावाच्या तरुण जोडप्याने घेतलंय. लिनेट पास्कला बारा पाकिटं दिली आणि सगळं सांगितलं. वातीचंसुद्धा. ती म्हणाली, स्वयंपाकघरातला तो आकडा तेवढा काढू नका.

मंगळवारी निघतो. ताशी तीस मैलांनी येणार, जेवायला थांबू नकोस.

ॲम्ब्रोज


स्किथरबी
२४ जुलै १९७८

आदरणीय मिस्टर स्टॅनिलँड,

लडलोचं घर मानवलं असेल अशी आशा करते. सोबतचं पार्सल तुमच्या पाकिटात मावेना म्हणून वेगळं पाठवते आहे. ते कसं मिळालं ते आधी लिहिते, मग उघडा.

शनिवारी जेबेझ हॉयल्स नावाचे म्हातारे गृहस्थ दारात आले. हयातभर नदीपलीकडच्या शेतावर गडी होते. टोपी हातात, आत यायला तयार नाहीत. त्यांची मुलगी सुट्टीला आली होती. पोस्टात रांगेत उभं राहून ती वेळ घालवायला खिडकीतली कार्डं मोठ्याने वाचत होती. पिवळं विमान ऐकल्यावर हे रांग सोडून थेट घरी गेले म्हणे.

मला म्हणाले, "बाई, कापणीच्या दिसांत गवतात घावलं मला. खाली काय तरी लिवलं होतं, पर मला वाचाय येत न्हाई. मालकाला दावलं असतं तर म्हणला असता, कुणाचं उचललंस? म्हणून कोठारात वर तुळईवर ठिवलं. कोण सवडीनं वाचून दावंल म्हणलं. आन् विचारायची लाज वाटली. सतरा वर्सं लाज वाटली, बाई."

उंदरांनी बरंचसं नेलंय. डावा पंख तेवढा राहिलाय. मिस्टर हॉयल्सनी तो नव्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणला होता.

चिठ्ठी पंखावर आहे. मी पत्ता वाचला आणि थांबले. पुढचं तुमचं आहे.

आकडा जागेवर आहे.

आपली,
लिनेट पास्क


लडलो
२९ जुलै

प्रिय विनी,

तू नेमकी कार्डिफला मुलीकडे आणि इथे मी एकटा. दोनदा सवयीने भिंतीवर टकटक केली.

मेव्हिसचा पंख आला. पत्राबरोबर तिचं लिहिलेलं सगळं जसंच्या तसं उतरवून पाठवतो. अक्षर बारीक आहे, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलंय. भिंग घेऊन वाचलं.

'हे विमान मेव्हिस स्टॅनिलँडचं, चर्चमागचं घर, स्किथरबी. तुमच्या शेतात आलं असेल तर त्याची वात पेटलेली नव्हती. माझ्या नवऱ्याने "पेटली" म्हणून सांगितलं असणार. चारातल्या एका वेळी तो विसरतो, आणि मी त्याच्या पाठीमागून गुपचूप पेटवते. आज माझे दोन्ही हात विमानाला गुंतलेले असतील. तो कबूल करणार नाही आणि मी विचारणार नाही. विमान परत आणाल तेव्हा त्याला काही बोलू नका, बिचारा वर्षभर तोंड पाडून बसेल. इनाम मनुकांचा केक, अख्खा.'

वर्षभर म्हणते. तेवढा एक अंदाज चुकला तिचा.

विनी, मैदानावर टाळ्या वाजवत होती तेव्हाच तिला माहीत होतं. आणि रोज सकाळी 'टपाल आलं?' विचारायची ते विमानासाठी नव्हतंच. ही चिठ्ठी माझ्या हातात कधी पडते, याची ती वाट बघत होती. मी तिला सांगायला घाबरत होतो आणि ती मला मोकळं करायला टपालाच्या भरवशावर बसली होती. दोघेही एकाच टेबलावर जेवत होतो. मी पंख मांडीवर घेऊन खूप रडलो. मग हसलोही. शेजारी तू नव्हतीस ते बरंच झालं.

तू ते कार्ड लावलं नसतंस तर हा पंख तुळईवरच राहिला असता. मी तुझ्यावर ओरडलो ते परत घेतो. मोठी बहीण म्हणून जन्मभर माझ्या कारभारात नाक खुपसलंस, त्यातली एवढी एक वेळ सोन्याची.

मिस्टर हॉयल्सना केक द्यायचा राहिलाय. मला भाजता येत नाही, तुला येतो. अख्खा. तो घेऊन आपण दोघं जाऊ, आणि चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवीन.

पंख तुझ्या बाजूच्या भिंतीवर टांगलाय. बाकीच्या एकशे त्रेसष्टांवर तुझ्या अक्षरातला नवा पत्ता चिकटवून झाला.

रविवारी तू येशील तेव्हा आपण टेकडीवर जाऊ. मी विमान धरून उभा राहीन, तू माझ्या डाव्या बाजूला थांब आणि विचार, 'वात?' मी 'पेटली' म्हणेन. पण विनी, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. एकदा वाकून स्वतः बघ.

तुझा,
ॲम्ब्रोज